सुई धरणारे हात

सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलचा ‘वॉर्ड ८६’ जानेवारी १९८३मध्ये सुरू झाला. एड्सच्या बाह्यरुग्णांसाठीचं अमेरिकेतलं हे पहिलं स्वतंत्र क्लिनिक. तेव्हा एड्सचा विषाणू, एचआयव्ही, सापडला नव्हता, चाचणी नव्हती, औषध तर नव्हतंच. त्या काळाच्या इतिहासात डॉ. पॉल व्होलबर्डिंग यांच्यासारख्यांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. मला मात्र लिहायचंय ते एचआयव्ही क्लिनिकमधल्या व्होकेशनल नर्सबद्दल. हा परवाना कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये मिळतो. शिक्षण साधारण वर्षभराचं, काम रजिस्टर्ड नर्स किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बी.पी., वजन, ताप बघायचा, रक्त काढायचं, इंजेक्शन द्यायचं. हुद्द्याने ती खालची, पण रुग्णाला बहुतेकदा पहिला हात तिचाच लागतो.

त्या वर्षांत हात लावणं हीच मोठी गोष्ट होती. कित्येक ठिकाणी जेवणाचं ताट खोलीच्या दाराशीच ठेवून लोक निघून जात. जुलै १९८३मध्ये याच हॉस्पिटलात नर्स क्लिफ मॉरिसन यांच्या पुढाकाराने एड्सच्या रुग्णांसाठी ‘५बी’ हा बारा खाटांचा वॉर्ड उघडला. तिथल्या नर्स स्वतःहून आल्या होत्या. त्यांनी रुग्णांचे हात हातमोजे न घालता धरले, आणि ‘घरचं माणूस’ कोण हे रुग्णालाच ठरवू दिलं. एचआयव्हीच्या शुश्रूषेची रीत तिथे घडली, असं मला ठामपणे वाटतं.

१९८७मध्ये एझेडटी हे औषध आलं. दर चार तासांनी गोळी, मध्यरात्रीसुद्धा, आणि रक्त कमी होण्याची भीती. १९९६पासून तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत रुजली, मृत्यू झपाट्याने घटले. पण त्यातलं इंडिनाविर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, भरपूर पाण्यासोबत घ्यावं लागे. ज्याच्या जेवणाचाच ठिकाणा नाही त्याने हे कसं जमवायचं? गोळ्यांच्या डब्यात आठवड्याचे कप्पे भरून देणं हे नर्सचं काम झालं. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘कुठल्या वेळची जास्त चुकते?’ असं विचारलं की माणूस खरं बोलू लागतो.

चुकून सुई टोचून संसर्ग होण्याची धास्ती मात्र नर्सच्या कामात कायम राहिली. सुरक्षित सुयांची सक्ती करणारा देशातला पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियाने १९९८मध्ये केला. संघराज्याचा कायदा २०००मध्ये आला. इतक्या उशिरा, याचा आजही राग येतो.

आणि मग सुईच उपचार झाली. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेत कॅबोटेग्रॅविर आणि रिल्पिविरिन या जोडीला मंजुरी मिळाली. दोन इंजेक्शनं, दोन कुल्ल्यांत एकेक. आधी महिन्याने, पुढे दोन महिन्यांनीही. गोळ्या नियमित घेणं ज्यांना जमत नव्हतं, ज्यांना घरही नव्हतं, अशांनाही वॉर्ड ८६ने ही इंजेक्शनं दिली आणि बहुतेकांचा विषाणू आटोक्यात आला. पण तारीख हुकली, तर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होण्याचा धोका असतो. म्हणून तारखांची वही, आठवणीचे फोन, निवारागृहात निरोप.

रिल्पिविरिन फ्रिजमधून काढून निदान पंधरा मिनिटं बाहेर ठेवावं लागतं. तेवढ्यात जेवलास का, हल्ली झोपतोस कुठे, फोन चालू आहे का, एवढं विचारून होतं. पुढच्या तारखेला माणूस येईल की त्याला शोधावं लागेल, हे बऱ्याचदा त्या बोलण्यातून कळतं. ही चौकशी मी औषधाइतकीच उपचारात धरते.