फाळापासून प्रधानकीपर्यंत : धनजीशा कूपर यांची विस्मृत कारकीर्द

मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान कोण, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांच्या ओठांवर बाळासाहेब खेर यांचे नाव येते. ते उत्तर चुकीचे आहे. १ एप्रिल १९३७ रोजी, १९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये प्रांतिक स्वायत्तता अमलात आली त्या दिवशी, मुंबई प्रांताची सूत्रे हाती घेतली ती साताऱ्याच्या सर धनजीशा बोमनजी कूपर यांनी. त्या काळी प्रांताच्या प्रमुख मंत्र्यास पंतप्रधान म्हणत. आजच्या भाषेत ते मुख्यमंत्रिपद. कूपर त्या पदावर जेमतेम साडेतीन महिने होते. १९ जुलै १९३७ रोजी खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि कूपर यांचे नाव इतिहासाच्या तळटीपेत जाऊन बसले.

गरिबीतून वर आलेला, साताऱ्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यात लोखंडी नांगरांचा कारखाना काढणारा, जिल्हा लोकल बोर्डावर वर्षानुवर्षे पकड ठेवणारा आणि अखेर प्रांताच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचणारा हा माणूस इतक्या लवकर विस्मरणात का गेला? या प्रश्नाचे उत्तर एका व्यक्तीच्या यशापयशापुरते मर्यादित नाही. कृष्णाकाठच्या राजकारणाने १९२० ते १९४७ या काळात जी कूस बदलली, तिची सारी गोष्ट त्यात सामावलेली आहे.

सातारा तेव्हाचा आणि आताचा

कूपर यांचे कार्यक्षेत्र समजून घेण्यासाठी तेव्हाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. ब्रिटिश अमलातील सातारा जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यात मोडत. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थाने त्याच्या अंगाला लागून आणि कोठे कोठे त्याच्या पोटातच पसरलेली होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणजे कूपर ज्या लोकल बोर्डाचे पुढारी होते, त्याचा कारभार आजच्या सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांच्या गावांपर्यंत पोहोचत होता.

कूपर यांचा जन्म १८७८ चा. पारशी कुटुंबातला, परंतु मुंबईच्या शेठियांची श्रीमंती त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. साताऱ्यासारख्या गावी पारशी समाजाची घरे बोटांवर मोजण्याइतकी. त्या काळी मुफसलातील अनेक पारशी अबकारी मक्त्यांच्या व्यवसायात होते. कूपर यांचे आरंभीचे भांडवलही त्याच व्यवसायातून उभे राहिले, असे या काळाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. पुढे विरोधकांनी त्यावरून त्यांना पुष्कळ टोमणे मारले. परंतु मक्त्यातून मिळालेला पैसा जमिनीत वा सावकारीत न गुंतवता त्यांनी तो कारखानदारीत घातला, हेही तितकेच खरे.

नांगराची शाळा

कारखान्याची कल्पना जेथून आली ते ठिकाण साताऱ्यापासून दूर नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकालगतचा माळ त्यांना दिला. १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर हे तिचे मुख्य उत्पादन. सुरुवातीस हे नांगर खपेनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिली दोन वर्षे गिऱ्हाईकच मिळाले नाही. पण हरळी, कुंदा यांनी जखडलेली काळी जमीन उलथून टाकण्याचे काम लाकडी नांगर करू शकत नव्हता. ते लोखंडी फाळाने करून दाखवले, तेव्हा शंका मावळली.

शंका मावळवण्यात ज्यांचा वाटा होता त्यांपैकी एक म्हणजे भाऊराव पाटील. पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राला वंद्य झालेले भाऊराव त्या काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडत. या भ्रमंतीत त्यांना दोन गोष्टी दिसल्या. शेतकऱ्याला चांगले अवजार हवे होते आणि त्याच्या मुलाला शाळा हवी होती. पहिल्या गरजेपोटी साताऱ्यातच नांगराचा कारखाना निघावा, असा ध्यास त्यांनी घेतला आणि भांडवलासाठी कूपर यांना गाठले. दुसऱ्या गरजेपोटी त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली होती.

१९२२ मध्ये पुणे-मिरज लोहमार्गावरील सातारा रोड स्थानकाजवळ, पाडळी येथे कूपर यांचा कारखाना सुरू झाला. जागेची निवड व्यवहारचतुर होती. कच्चे लोखंड आणि कोळसा आणण्यास आणि तयार माल पाठवण्यास रेल्वे दाराशी होती. पहिल्या महायुद्धात आयात थांबल्याने देशी अवजारांना बाजारपेठ मिळालेली होती. कूपर यांचे नांगर चालले, पुढे इंजिनांचे उत्पादनही सुरू झाले. १९३३ मध्ये भारतातील पहिले डिझेल इंजिन आपल्याकडे तयार झाले, असे कूपर उद्योगाच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते. पहिलेपणाचा मान कोणाचाही असो. विहिरीवर मोटेऐवजी इंजिन बसवण्याची स्वप्ने या भागातील शेतकरी पाहू लागला, त्यात या कारखान्याचा हात होता.

कूपर आणि भाऊराव यांचे सख्य मात्र टिकले नाही. नफ्याचा काही भाग शिक्षणकार्यास देण्याचे कूपर यांनी कबूल केले होते आणि ते पाळले नाही, अशी भाऊरावांच्या चरित्रांतील हकिकत आहे. दोघांत कमालीचे वितुष्ट आले आणि भाऊराव कारखान्यातून बाहेर पडले. १९२४ मध्ये त्यांनी संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलवले आणि सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. एकाच कारखान्याच्या दारातून निघालेल्या दोन वाटा अशा रीतीने फुटल्या. एक सत्तेकडे गेली, दुसरी वसतिगृहाकडे.

लोकल बोर्डाचे बळ

कूपर यांची वाट समजण्यासाठी लोकल बोर्ड म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. आजच्या जिल्हा परिषदेचे ते पूर्वरूप. रस्ते, दवाखाने, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी ही त्याची कामे. पूर्वी त्यावर कलेक्टरची छाया असे. १९१९ च्या सुधारणांनंतर स्थानिक स्वराज्य, शिक्षण, शेती, अबकारी ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवण्यात आली. १९२३ च्या लोकल बोर्ड कायद्याने आणि त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्ह्यातील पुढाऱ्यांच्या हाती प्रथमच खरी सत्ता आली. कोणत्या गावी रस्ता जाणार, कोठे शाळा निघणार, कोणता शिक्षक कोठे बदलून जाणार, हे आता बोर्डाच्या बैठकीत ठरू लागले.

मतदानाचा हक्क मात्र सर्वांना नव्हता. ठरावीक शेतसारा भरणाऱ्यांनाच तो होता. त्यामुळे गावचा पाटील आणि मोठा बागायतदार ज्याच्या बाजूस, त्याच्या हाती बोर्ड, असा हिशेब होता. कूपर यांनी तो अचूक ओळखला. सत्यशोधक चळवळीने साताऱ्याची खेडी जागी केली होती, भास्करराव जाधव यांच्यासारखे नेते ब्राह्मणेतर पक्षाच्या वतीने मंत्रिपदापर्यंत पोहोचले होते. कूपर यांनी या पक्षाशी हातमिळवणी केली. पारशी असल्यामुळे जातीच्या उतरंडीत ते कोणाचेच प्रतिस्पर्धी नव्हते. त्यांच्याकडे पैसा होता, कारखाना होता, सरकारदरबारी वजन होते. पाटील मंडळींकडे मते होती. या सोयरिकीवर सातारच्या लोकल बोर्डाचा कारभार दीर्घकाळ चालला. ‘खानबहादूर’ आणि पुढे ‘सर’ हे किताब त्यांना मिळाले.

या व्यवस्थेचे श्रेय आणि दोष दोन्ही मान्य केले पाहिजेत. ज्या बहुजन शेतकऱ्याला कचेरीच्या पायरीवर उभे राहण्याचीही भीती वाटे, तो बोर्डाचा सभासद म्हणून खुर्चीवर बसू लागला, हे श्रेय. पण खुर्ची मिळवून देणाऱ्याची मर्जी सांभाळणे हेच राजकारण बनले, हा दोष. सत्यशोधक विचारातील धग त्यात हळूहळू विझत गेली.

साडेतीन महिन्यांचे राज्य

१९३५ च्या कायद्याने हा हिशेब मोडला. प्रांतिक मतदारांची देशभरातील संख्या सुमारे तीन कोटींवर गेली. पाटलाच्या शब्दापलीकडचा मतदार प्रथमच मतपेटीपर्यंत पोहोचला. याच सुमारास काँग्रेसही बदलत होती. केशवराव जेधे ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आले होते आणि डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, खानदेशातील फैजपूर येथे भरले.

साताऱ्यातही तरुणांची नवी फळी उभी राहिली होती. देवराष्ट्रे येथे जन्मलेले, कऱ्हाडात शिकलेले यशवंतराव चव्हाण तेव्हा चोविशीचेही नव्हते. प्रस्थापित वकील मंडळींऐवजी बहुजन समाजातील तरुण कार्यकर्त्याला काँग्रेसची उमेदवारी मिळावी, असा आग्रह या तरुणांनी धरला. वाळवे तालुक्यातील बोरगावचे आत्माराम पाटील उभे राहिले आणि निवडून आले. बोर्डाच्या राजकारणाला मिळालेला तो स्पष्ट इशारा होता.

१७५ जागांच्या मुंबई विधानसभेत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत, अशी हमी मिळाल्याखेरीज मंत्रिपदे न स्वीकारण्याचा निर्णय काँग्रेसने घेतला. घटनात्मक पेच निर्माण झाला. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांच्या निमंत्रणावरून कूपर यांनी मंत्रिमंडळ बनवले. जमनादास मेहता, सिद्दप्पा कांबळी, हुसेनअली रहिमतुल्ला हे त्यांचे सहकारी. हे एकट्या मुंबईतच घडले असे नाही. संयुक्त प्रांतात छतारीचे नवाब, बिहारमध्ये मोहंमद युनूस, मद्रासमध्ये के. व्ही. रेड्डी नायडू यांनी अशीच अल्पमतातील सरकारे चालवली.

विधानसभेला सामोरे गेल्यास पराभव अटळ होता. जुलैमध्ये वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारग्रहणास संमती दिली आणि कूपर यांचे राज्य संपले. ज्या पदासाठी आयुष्यभराची पुण्याई खर्ची पडली, त्या पदानेच त्यांच्या नावावर सरकारधार्जिणेपणाचा शिक्का कायमचा मारला.

काय उरले?

पुढची दहा वर्षे कूपर यांच्या राजकारणाची पाळेमुळे उखडणारी ठरली. १९४३ पासून वाळवा, तासगाव, खानापूर या तालुक्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालले. किर्लोस्करवाडीशेजारचे कुंडल हे त्याचे प्रमुख केंद्र. ज्या खेड्यांत पूर्वी बोर्डाच्या मतांची जुळवाजुळव होई, तेथेच आता लोकन्यायालये भरू लागली. जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्य अवघे काही दिवसांवर आले असताना, कूपर यांचे निधन झाले.

त्यांचा सातारा रोडचा कारखाना पुढे वालचंद उद्योगसमूहाकडे गेला. कूपर घराण्याच्या नावाने साताऱ्यात इंजिने आणि वीजजनित्रे बनवणारा उद्योग आजही चालू आहे. राजकीय वारसा मात्र कोणीही सांगत नाही. याउलट त्यांच्याच कारखान्यातून भांडून बाहेर पडलेल्या भाऊरावांचे नाव घराघरात आहे आणि त्यांनी लावलेल्या वटवृक्षाच्या पारंब्या महाराष्ट्रभर पोहोचल्या आहेत.

या तुलनेत कूपर यांच्यावर थोडा अन्यायही होतो. सहकारी साखर कारखाना, जिल्हा परिषद आणि विधानसभा या तीन पायऱ्यांवरून चढणारे नेतृत्व पुढे सातारा-सांगली पट्ट्याची ओळख बनले. उद्योगातून पत, पतीतून स्थानिक संस्था आणि तेथून प्रांताची सत्ता, हा मार्ग या मातीत पहिल्यांदा चालून दाखवला तो कूपर यांनीच. त्यांच्यानंतर आलेल्यांनी त्याला लोकचळवळीची जोड दिली म्हणून ते टिकले. कूपर यांच्यापाशी ती जोड नव्हती. फाळ कितीही चांगल्या पोलादाचा असला तरी जमिनीत खोल गेल्याखेरीज पीक हाती लागत नाही, हे नांगराच्या कारखानदाराला वेगळे सांगावे लागू नये. पण राजकारणात नेमके तेच राहून गेले.