विलायती घड्याळाला बार्शीचं पाणी

यंत्रांच्या पोटात : लेखांक ९

मागच्या आठवड्यात भिंतीवरच्या घड्याळाचं दार उघडून आत डोकावलो होतो. आजच्या घड्याळाला दारच नाही. इंग्लंडमध्ये १८५१ च्या लंडन महाप्रदर्शनानंतर या सांगाडा घड्याळांना बहर आला. पितळी पत्रे वेलबुट्टीसारखे कोरून पोकळ केलेले, तबकडीच्या जागी नुसतं आकड्यांचं कडं, खाली संगमरवरी बैठक आणि धूळ बसू नये म्हणून वर काचेचा घुमट. काही कारागिरांनी सांगाड्याला यॉर्क किंवा लिचफील्डच्या कॅथेड्रलचा आकार दिला. मला तो प्रकार अतीच वाटतो. मनोरे बघायचे की चाकं, हेच ठरत नाही.

बघण्यासारखी खरी गोष्ट खाली, अगदी समोर असते. एका बाजूला पितळी डबी, तिच्या पोटात स्प्रिंग. दुसऱ्या बाजूला शंकूसारखा एक भाग, त्याचं नाव फ्यूजी. डबीपासून निघालेली बारीक पोलादी साखळी, भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तशी, फ्यूजीच्या खाचांतून फिरलेली असते. हा खटाटोप कशासाठी? चावी भरल्या दिवशी स्प्रिंग जोरात ओढते, आठव्या दिवशी थकलेली असते. ओढ अशी बदलत गेली की वेळही बदलते. म्हणून ताज्या स्प्रिंगची साखळी शंकूच्या निमुळत्या टोकावर येते. तिथं जोर असूनही तरफ आखूड पडते. स्प्रिंग सैल होईल तशी साखळी रुंद भागाकडे सरकते, जोर कमी पण तरफ लांब. चाकांपर्यंत ओढ जवळपास सारखीच पोचते. काचेबाहेर बसून आठवडाभरात साखळी कुठून कुठं गेली ते डोळ्यांनी बघता येतं.

आता असं घड्याळ लंडनला बिनचूक लावलं आणि बार्शीत आणून ठेवलं, तर? चावी तीच, स्प्रिंग तीच, तरी ते रोज सुमारे दोन मिनिटं मागे पडेल. बिघाड काहीही नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, आणि तिच्या फिरण्याचा परिणामही तिकडे जास्त. लंडन ५१ अंशांच्या वर, बार्शी १८ अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच. बार्शीत गुरुत्वाकर्षण लंडनपेक्षा साधारण ०.३ टक्क्यानं कमी भरतं, आणि घड्याळाची चाल ठरवणारा लंबक सावकाश झुलतो. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथं गेला, तेव्हा पॅरिसच्या हिशेबानं लावलेलं त्याचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. न्यूटननं पुढे ‘प्रिन्सिपिया’त याच निरीक्षणाचा आधार घेतला.

उपाय मात्र साधा. सेकंदाला दोनदा टिकटिकणारा लंबक सुमारे २५ सेंटिमीटरचा असतो. गोळ्याखालची चाकी फिरवून तो पाऊण मिलिमीटर वर घ्यायचा, की घड्याळाला बार्शीचं पाणी मानवलं. पण तेही हिवाळ्यात. लंबकाची दांडी पोलादी असेल तर तापमान २० अंशांनी चढल्यावर ती मिलिमीटरच्या सहा शतांश भागाएवढी लांबते आणि घड्याळ दिवसाला दहाएक सेकंद हरवतं. बार्शीचा मे महिना कसा असतो हे बार्शीकरांना सांगायला नको.

चाल जुळली. पण काटे लावायचे कुठल्या वेळेवर? १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडहून, गावापर्यंत आली. त्या काळी देशातल्या रेल्वेची वेळापत्रकं मद्रासच्या वेळेवर चालत. ती वेळ बार्शीच्या सूर्यापेक्षा सुमारे १८ मिनिटं पुढे. मुंबईची वेळ वेगळी, ती बार्शीच्या १२ मिनिटं मागे. मग १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ती सूर्याच्या २७ मिनिटं पुढे. त्या नऊ वर्षांत गावात कुणाच्या दिवाणखान्यात असं घड्याळ असतं, तर घरमालकाला गाडी धरायची की माध्यान्ह पाळायचं हे आधी ठरवावं लागलं असतं.

आणि गाव कुठलं, तर भगवंताचं, म्हणजे विष्णूच्या मंदिराचं. अंबरीष राजाची कथा इथं सगळ्यांना पाठ. राजानं द्वादशी संपायच्या आत पारणं सोडायचं, आणि पाहुणे आलेले दुर्वास ऋषी आंघोळीला गेलेत ते परतायचं नाव नाही. जुन्या पंचांगात तिथी संपण्याची वेळ सूर्योदयापासूनच्या घटका-पळांत दिलेली असे. घटका २४ मिनिटांची. प्रमाणवेळेचा फरक त्याहून तीन मिनिटांनी जास्तच. दुर्वासांची आंघोळ लांबायला तेवढं बास.

पुढच्या आठवड्यात टोल्यांचं यंत्र.