रंग जातो कुठे?

सोलापुरी चादर आपण सगळ्यांनी पांघरली असेल. पण सूत रंगवताना सगळाच रंग सुताला बसत नाही. काही पाण्यातच उरतो. असे पाणी तसेच ओढ्यात सोडले, तर ऊन तळापर्यंत पोचत नाही. पाणवनस्पती वाढत नाहीत आणि माशांना प्राणवायू कमी पडतो. काही रंग तर विषारी असतात.

यावर एक स्वस्त उपाय म्हणजे सुताराकडचा भुसा! गुरुजींनी आम्हाला प्रयोग करून दाखवला. भुसा आधी धुऊन वाळवला, नाहीतर त्याचाच तांबूस रंग पाण्यात उतरतो. पेलाभर पाण्यात मिथिलीन ब्लूच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. दोन चमचे भुसा घालून ढवळले आणि अर्ध्या तासाने फडक्यातून गाळले. पाणी फिकट झाले, भुसा मात्र निळा!

असे का? लाकडाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, या रंगाच्या कणांवर धन. म्हणून रंग भुशाला चिकटतो. याला अधिशोषण म्हणतात. सगळे रंग भुशाला इतके चिकटत नाहीत. करवंटीपासून खास रीतीने केलेला सक्रिय कोळसा अधिक रंग धरतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या बारीक छिद्रांचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच गुंठे, किंवा त्याहूनही जास्त भरतो!

पण लक्षात ठेवा, रंग नाहीसा झाला नाही, त्याने फक्त जागा बदलली. तो भुसा ओढ्यात टाकला तर सगळी मेहनत फुकट. आणि पाणी स्वच्छ दिसले म्हणून पिऊ नका, बरं का!

– इयत्ता सातवी