‘ड’ जीवनसत्त्व : किती आणि किती दिवस?

मी डॉक्टर आहे खरा, पण तत्त्वज्ञानातला. तेव्हा औषध सांगणार नाही. एक चूक सांगतो, माझीच.

चार वर्षांपूर्वी गुडघे दुखत होते. तपासणीत ‘ड’ कमी निघालं. नागपूरच्या उन्हात हे कसं? अहो, आपण हुडकेश्वरची माणसं उन्हाळ्यात दारं लावून कूलरसमोर बसतो, बाहेर निघालोच तर दुपट्टा बांधून! डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी दिली. आठवड्यातून एक, आठ आठवडे. बरं वाटलं. मग मीच ठरवलं, चांगली गोष्ट आहे, चालू ठेवू. पुढे आठवड्याची पुडी एक-दोन दिवसांआड घ्यायला लागलो. सोबत कॅल्शियमची गोळी. त्यातही ‘ड’ होतंच.

काही महिन्यांनी सारखी तहान लागायची, रात्री चार-चारदा लघवीला उठायचो. बद्धकोष्ठता, मळमळ, नावं आठवेनात. मी म्हटलं, म्हातारपण. घरचेही तेच म्हणाले. शेवटी रक्त तपासलं, तर कॅल्शियम खूप वाढलेलं आणि मूत्रपिंडांवर ताण आलेला.

आता हिशेब बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाची रोजची गरज आहे 600 युनिट. म्हणजे एक पुडी ही शंभर दिवसांची गरज झाली! रोजची वरची मर्यादा 4,000. कमतरता भरून काढायला डॉक्टर मोठा डोस देतात, पण तो मोजक्या दिवसांसाठी असतो.

‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, जास्तीचं बरंचसं लघवीतून जातं. ‘ड’ चरबीत विरघळतं आणि साठून राहतं. ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घेतं. फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मुतखडा होतो, मूत्रपिंडं निकामीही होऊ शकतात. गोळी बंद केली तरी परिणाम उतरायला आठवडे, कधी महिने लागतात.

गंमत अशी, की उन्हानं हा धोका होत नाही. कातडीत गरजेपेक्षा जास्त बनू लागलं, की तेच ऊन त्याचं निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करतं. उन्हाला निसर्गानं लगाम घातलाय. पुडीला लगाम नाही. तो आपल्याला घालावा लागतो.

म्हणून सांगतो. चिठ्ठीवर ‘रोज’ आहे की ‘आठवड्यातून एकदा’, आणि किती आठवडे, हे विचारून कॅलेंडरवर खूण करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. मुतखडा, किडनीचा त्रास किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर आधी सांगा. आणि माझी गोष्ट ऐकून चालू असलेला कोर्स घाबरून सोडू नका हं, विचारा.

आयुष्यभर मी वर्गात तर्कशास्त्र शिकवलं. ‘थोडं चांगलं, म्हणून जास्त अधिक चांगलं’ हा तर्कदोष मुलांना फळ्यावर दाखवला, आणि घरी पाण्यात ढवळून प्यायलो. अति तिथे माती, हे आजीला ठाऊक होतं.