लघुग्रह-आघात व सामूहिक निर्वंश

पृथ्वीवर मोठा लघुग्रह आदळल्यास उडालेली धूळ वातावरणात पसरून सूर्यप्रकाश अडतो व अनेक जीवजाती अल्पावधीत नष्ट होतात, अशी उपपत्ती. क्रिटेशस व पॅलिओजीन या कल्पांच्या सीमेवर, म्हणजे सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, झालेल्या निर्वंशाच्या स्पष्टीकरणासाठी ती मुख्यतः मांडली गेली. त्या वेळी पक्षी वगळता सर्व डायनोसॉर, ॲमोनाइट, तरंगणाऱ्या फोरॅमिनीफेरांपैकी बहुतेक जाती आणि एकूण जीवजातींपैकी सु. ७५ टक्के जाती लोप पावल्या.

उपपत्तीचा पाया : इटलीतील गुब्यो येथे या दोन कल्पांच्या चुनखडकांमध्ये सु. १ सेंमी. जाडीचा मृत्तिकेचा थर आहे. भौतिकीविज्ञ लूइस ॲल्व्हारेझ, त्यांचे भूवैज्ञानिक पुत्र वॉल्टर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँक असारो व हेलन मिशेल यांना या थरात इरिडियमाचे प्रमाण लगतच्या खडकांतल्यापेक्षा सु. ३० पट आढळले. डेन्मार्कमधील थरात ते सु. १६० पट होते. इरिडियम भूकवचात अत्यल्प, तर अशनींमध्ये तुलनेने विपुल असते. यावरून सु. १० किमी. व्यासाचा लघुग्रह आदळला असावा, असे अनुमान त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. लघुग्रहाच्या वस्तुमानाच्या सु. ६० पट खडकाचा चुरा वातावरणात फेकला गेला आणि त्याचा काही अंश स्थितांबरात अनेक वर्षे राहून प्रकाशसंश्लेषण थांबले, असे त्यांचे म्हणणे होते. धूळ किती उरते याचा अंदाज त्यांनी क्राकाटाऊ ज्वालामुखीच्या १८८३ मधील उद्रेकावरून बांधला होता.

आघाताचा पुरावा पुढे बळकट झाला. सीमेच्या थरात तीव्र दाबाच्या खुणा असलेले क्वॉर्ट्‌झचे कण १९८४ मध्ये, तर काजळी १९८५ मध्ये आढळली. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाखाली गाडलेले सु. १८० किमी. व्यासाचे चिकशुलूब विवर हेच आघाताचे स्थान असल्याचे १९९१ मध्ये मांडण्यात आले व ते आता सर्वसाधारणपणे मान्य आहे.

धुळीविषयीचा वाद : आघात झाला हे मान्य केले, तरी जीव कशाने मेले हा प्रश्न उरतो. याचे उत्तर धुळीच्या एकूण राशीपेक्षा कणांच्या आकारमानावर अवलंबून आहे. मोठे कण थोड्याच काळात खाली बसतात. सूक्ष्म कणही दाटी झाल्यास एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि लवकर खाली येतात. त्यामुळे अंधाराचा काळ वर्षांऐवजी महिन्यांत मोजावा लागेल, असे १९८० नंतरच्या दशकातील गणितांवरून दिसले. केव्हिन पोप यांनी २००२ मध्ये याहून मूलगामी आक्षेप घेतला. सीमेवरील थराचा बहुतेक भाग वाफ झालेल्या खडकाच्या थिजलेल्या गोलिकांचा आहे. खऱ्या सूक्ष्म धुळीचे प्रमाण प्रकाशसंश्लेषण थांबविण्यास अपुरे आहे, असे त्यांनी दाखविले.

यानंतर गंधक व काजळी यांकडे अधिक लक्ष गेले. युकातानच्या खडकांत जिप्सम व ॲनहायड्राइट ही गंधकयुक्त खनिजे विपुल आहेत. मात्र विवरात २०१६ मध्ये केलेल्या वेधनातून मिळालेल्या आघातजन्य थरांत ती जवळजवळ आढळली नाहीत. त्यांतील गंधक वायुरूपाने उडून गेले व त्यापासून बनलेल्या सूक्ष्म थेंबांनी सूर्यप्रकाश अडविला, असा अर्थ यावरून लावण्यात आला.

तथापि २०२३ मध्ये धुळीचा पक्ष पुन्हा पुढे आला. नॉर्थ डकोटातील टॅनिस येथील निक्षेपांत सिलिकेटी धुळीचे ०·८ ते ८ मायक्रोमीटर आकारमानाचे कण मोजण्यात आले. त्यांवर आधारलेल्या संगणकीय प्रतिकृतीनुसार अशी धूळ १५ वर्षांपर्यंत वातावरणात राहू शकते, प्रकाशसंश्लेषण सु. दोन वर्षे बंद पडते आणि धूळ, काजळी व गंधक यांच्या एकत्रित परिणामाने तापमान १५° से. पर्यंत घटते.

जीवाश्मांची साक्ष अंधाराच्या कल्पनेशी बरीच जुळते. जिवंत वनस्पती व प्लवक यांवरच ज्यांची अन्नसाखळी उभी होती, त्यांची हानी अधिक झाली. कुजक्या जैव पदार्थांवर चालणाऱ्या गोड्या पाण्यातील अन्नसाखळ्या, तसेच कासवे व मगरी तुलनेने टिकून राहिल्या.

दक्षिण ट्रॅपचा पक्ष : महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणाऱ्या बेसाल्टाचे उद्रेक याच काळातले असल्याने, त्यांतून निघालेले सल्फर डाय-ऑक्साइड व कार्बन डाय-ऑक्साइड हेच निर्वंशाचे मुख्य कारण होय, असे गेर्टा केलर प्रभृती मानतात. याउलट ४१ शास्त्रज्ञांच्या गटाने २०१० मध्ये आघातालाच प्रमुख कारण ठरविले. पश्चिम घाटातील नमुन्यांच्या कालनिश्चितीवर २०१९ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकानुसार लाव्ह्याचा एक मोठा उद्रेककाल सीमेच्या थोडासा आधीचा आहे, तर दुसऱ्यानुसार सु. तीन चतुर्थांश लाव्हा सीमेनंतरचा आहे. पहिला निष्कर्ष बरोबर असेल, तर आघातापूर्वीच जीवसृष्टीवर ताण पडला असण्याचा संभव राहतो. दुसरा बरोबर असेल, तर बहुतेक लाव्ह्याचा निर्वंशाशी संबंध उरत नाही. वादाचा विषय आता आघात झाला की नाही हा नसून, धूळ, काजळी, गंधक व लाव्हा यांतील प्रत्येकाचा वाटा किती, हा आहे.