पळसाला पाने नसतात तेव्हा

‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण तुम्हांआम्हां सर्वांना पाठ आहे. पण ती तीन पाने गळतात केव्हा, असे कोणी विचारले तर? मागे एकदा माघ महिन्यात मी वर्गात हा प्रश्न टाकला. एकाही मुलाला उत्तर आले नाही. आणि खिडकीबाहेर, पलीकडच्या बांधावर, काळ्या मखमली कळ्यांनी लगडलेला पळस उभा होता! खरे सांगायचे तर मलाही वाकून पाहावे लागले.

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. झाडे काही पंचांग उघडून बसत नाहीत. 22 डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान असतो. तेथून, म्हणजे संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच, तो वाढू लागतो. माघात पहाटे घोंगडी लागते, पण दुपारी सावली बरी वाटते. याच दिवसांत काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुले येतात. मागोमाग पळस, पांगारा. त्यांतल्या मधावर भोरड्यांचे थवे उतरतात. ज्वारी राखणाऱ्यांना हे पाहुणे वेगळे सांगायला नकोत! हिवाळ्यापुरती आलेली ही पाखरे उन्हाळ्यात मध्य आशियाकडे परत फिरतात. आणि मग आमराईत कोकिळ. गातो तो नर बरे का. श्रेय मात्र आपण कोकिळेला देतो.

तुम्ही म्हणाल, पाऊस जाऊन चार महिने झाले, जमिनीला भेगा पडल्या; मग ही फुले, ही पालवी कोणत्या पाण्यावर? गंमत इथेच आहे. पानांवाटे झाडातले पाणी वाफ होऊन सारखे जात असते. पाने गळली की हा खर्च थांबतो. खोल गेलेल्या मुळ्या ओढतात ते पाणी खोडात, फांद्यांत साठते आणि त्या बळावर कळ्या फुगतात. तेव्हा पानगळ ही झाडाची मरगळ नव्हे, काटकसर आहे. शिवाय पाने आड येत नाहीत, म्हणून पाखरांना फूल दुरून दिसते.

शिक्षकबंधूंनो, शाळेत एक जुनी वही यासाठी राखून ठेवा. आंब्याला मोहर कधी आला, पळसाचे पहिले फूल कोणी पाहिले, कोकिळ प्रथम कधी ऐकला, एवढेच मुलांकडून लिहवून घ्या. झाड दरवर्षी तेच हवे. आणि तारीख लिहा, तिथी नको. अधिक मास आला की तिथी मागेपुढे होते.

2023 सालच्या फेब्रुवारीत देशाच्या कमाल तापमानाची सरासरी 1901 पासूनच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा जास्त भरली. गव्हाचा दाणा भरायचा तो काळ. तापमापकाने आपले काम केले. पण त्या वर्षी पळस लवकर फुलला होता का? आमच्या गावी चार जाणत्यांना मी विचारले. दोघे म्हणाले, लवकर. दोघे म्हणाले, छे, नेहमीसारखाच. चौघेही छातीठोकपणे सांगत होते. लिहून ठेवलेले कोणापाशीच नव्हते; माझ्यापाशीही नाही.