रेल्वे प्रतिकृती

लोहमार्ग, एंजिने, डबे, स्थानके व भोवतालचा प्रदेश यांची ठराविक प्रमाणात लहान केलेली, बहुधा विजेवर चालणारी रचना. ती छंद म्हणून उभारली जात असली, तरी नाहीशा झालेल्या लोहमार्गांचे स्वरूप जतन करण्याचेही ती एक साधन आहे.

प्रमाण व गेज : प्रतिकृती मूळ वस्तूच्या कितव्या हिश्शाची आहे, हे प्रमाणावरून कळते, गेज म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर. जगात सर्वाधिक प्रचलित ‘एचओ’ पद्धतीत प्रमाण १ : ८७ व गेज १६·५ मिमी. असते, ‘एन’ पद्धतीत ती सामान्यतः १ : १६० व ९ मिमी. असतात. ही मापे १,४३५ मिमी. गेजच्या लोहमार्गांवरून ठरली आहेत. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी. असून १ : ८७ प्रमाणात ते १९·३ मिमी. भरते. साहजिकच तयार एचओ रुळांवर भारतीय गाडीखालील मार्ग सु. एक-सप्तमांशाने अरुंद दिसतो.

नॅरोगेजच्या बाबतीत ही अडचण टळते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याच्या पुढाकाराने उभारलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला व १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोहोचली. तिचे गेज ७६२ मिमी. होते, १ : ८७ प्रमाणात ते ८·८ मिमी. येते. म्हणून एचओ प्रमाणाचे डबे एन पद्धतीच्या ९ मिमी. रुळांवर चालविल्यास मूळ रूप जवळजवळ अचूक साधते. कुर्डुवाडी–लातूर मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाल्यामुळे कोणता कालखंड दाखवावयाचा, हे प्रथम निश्चित करावे लागते. गेज व वाहने त्यावरूनच ठरतात.

आराखडा : १ : ८७ प्रमाणात १ किमी. मार्गास ११·५ मी. जागा लागते. त्यामुळे संपूर्ण मार्गाऐवजी एक स्थानक व त्याच्या लगतचा भाग निवडणे इष्ट ठरते. बार्शी लाइटच्या लातूरसारख्या अंतिम स्थानकासाठी भिंतीलगतची अरुंद फळी पुरते; मात्र एंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकास नेण्यासाठी सांधे व बगलमार्ग यांची तरतूद हवी. गाडी अखंड फिरती ठेवावयाची असल्यास वळणाची त्रिज्या निर्णायक ठरते. एचओ पद्धतीत ती किमान सु. ३६ सेंमी. धरल्यास फळी सु. १ मी. रुंद लागते, ९ मिमी. मार्गावर सु. २३ सेंमी. त्रिज्याही चालते. चढ सामान्यतः शेकडा २ ते ३ पेक्षा अधिक नसावा. एचओ पद्धतीत एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यासाठी ७ सेंमी. उंची गाठावयाची, तर शेकडा २ चढाने ३·५ मी. लांबी लागते. फळीचा कोणताही भाग हाताच्या टप्प्याबाहेर राहू नये. अन्यथा घसरलेली गाडी उचलणे व रूळ स्वच्छ करणे अवघड होते. रूळ पक्के बसविण्यापूर्वी आराखडा कागदावर पूर्ण मापात काढून त्यावर डबे ठेवून पाहणे हितावह असते.

पुणे येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथील मांडणी एचओ प्रमाणातील आहे.